शनीच्या कड्याला तेल

आमच्या शाळेत चित्रकलेचा तास आठवड्यातून दोनदा, दुपारी शेवटचा, आणि तोही गणिताच्या बाईंचा धडा मागे पडला नसेल तरच व्हायचा. अकोल्यातल्या त्या शाळेत मी बावीस वर्षं चित्रकला शिकवली. शिकवली म्हणजे काय, तर एक डोंगर, डोंगरामागून सूर्य, एक झोपडी, एक नदी आणि नदीकाठी दोन नारळाची झाडं. अकोल्यात नारळ दिसतो तो देवळासमोरच्या टोपलीत. तरी आमची पोरं नारळाच्या झावळ्या झोपेतसुद्धा काढत, कारण परीक्षेत या चित्राला हमखास गुण पडतात अशी माझ्या आधीच्या मास्तरांची श्रद्धा होती आणि मी ती मोडली नाही. त्या प्रकाराला स्मरणचित्र म्हणतात. पाहिलेलं आठवून काढायचं असतं. आम्ही न पाहिलेलं पाठ करून काढायचो, आणि त्याबद्दल शाळेला एकदा ढालही मिळाली.

हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी जगाला नावं ठेवायला लागले की माझ्या डोळ्यातलं मुसळ दाखवायची तसदी कुणाला घ्यावी लागणार नाही.

मला स्वतःला हातात ब्रश धरायला शिकवलं ते अमरावतीच्या एका पेंटरनं. इतवारा बाजाराजवळ त्यांचं दुकान होतं, दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्यानं बाहेर थांबायचं एवढं. सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही म्हणायची. कॉलेजच्या उन्हाळी सुट्ट्यांत मी तिथं जाऊन बसायची. घरच्यांना सांगितलं होतं की टायपिंगला जाते. चाचा दुकानांच्या पाट्या रंगवत, ट्रकचे नंबर टाकत, आणि मोसम आला की सायकलवर डबे लटकवून खेड्यांतल्या भिंतींवर बियाणांच्या जाहिराती काढायला जात. कापसाचं बोंड ते असं काढत की जाणाऱ्यानं हात लावून पाहावा. भिंतीवर कलिंगडाएवढं बोंड, आणि त्याच भिंतीमागच्या वावरात सुपारीएवढं. "कापूस भितीवर चांगला येते, बेटी," ते म्हणत. "वावराचं आपन कशाले बोलाव."

चाचांनी आयुष्यात दोरी, पट्टी, कंपास वापरला नाही. त्यांचा एकच नियम होता. "हात खांद्यातून चालव. मनगट चोर हाये, ते मागं-पुढं पायत जाते. लकीर एका दमात काढाची. मधात हात उचलला का लकीर मेली." आणि खरंच, ते भिंतीसमोर क्षणभर उभे राहत, श्वास घेत, आणि गोल काढून मोकळे होत. मला ते कधीच जमलं नाही. मी कागदावर आधी चौकटी आखायची, वर्तुळासाठी हातातली बांगडी काढून ठेवायची आणि तिच्या कडेनं पेन्सिल फिरवायची. ते पाहून एकदा त्यांनी विचारलं, "ही लकीर तुयी हाये का कासाराची?"

सुट्ट्या संपल्या, माझं लग्न ठरलं, अकोल्याला जायचं झालं. निरोप घ्यायला गेले तेव्हा चाचा ट्रकच्या फळीवर मोर काढत होते. मान न वळवता म्हणाले, "ज्या दिवशी एका दमात काढशील, त्या दिवशी मले बोलावजो. कुठं बी असीन, पायाले येईन."

ते बोलावणं मी वीस वर्षं धाडू शकले नाही. तेवढ्या काळात फ्लेक्सचे बोर्ड आले. संगणकातून निघालेल्या गुळगुळीत पुढाऱ्यांनी चौक भरले आणि चाचांच्या ब्रशांचे केस डब्यात वाळून ताठ झाले. मग त्यांच्या सुनेचा फोन आला की त्यांना काचबिंदू आहे. नजर कडेनं आत आत मिटत चालली होती. डॉक्टर म्हणाले होते, उरली आहे तेवढी जपा, गेलेली परत येणार नाही. फोन ठेवल्यावर मी ठरवलं की आता एक रेघ काढायचीच, आणि ती त्यांना दिसतंय तोवर दाखवायची. मला दुसरं काही नको होतं. शाळा, ढाल, परीक्षा, सगळं खड्ड्यात गेलं असतं तरी चाललं असतं.

शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची ती वर्षं अशी होती की वऱ्हाडात पिकापेक्षा पाहुणे जास्त यायचे. कमिट्या आल्या, पत्रकार आले, गाड्यांचे ताफे आले. कुणी मातीचे नमुने नेले, कुणी बायकांचे फोटो नेले. आमच्या वाट्याला पुण्याचे एक सर आले, खादीचा झब्बा घातलेले, मुलांची मनं चित्रांतून मोकळी करणारे. त्यांचा कार्यक्रम दोन दिवसांचा होता. पहिला दिवस आमच्या शाळेत, दुसरा चिखलदऱ्याला. दुसरा दिवस पत्रिकेत छापलेला नव्हता.

सरांकडे उत्स्फूर्त चित्राच्या बऱ्याच युक्त्या होत्या. त्यांनी मुलांना आधी डोळे मिटून काढायला सांगितलं. मुलांनी डोळे मिटून नारळाचं झाड काढलं. मग डाव्या हातानं काढा म्हणाले. नारळ आला, जरा वाकडा. मग म्हणाले, नुसत्या गिरगोट्या मारा आणि त्यांत काय दिसतं ते शोधा. चाळीस कागदांवरच्या गिरगोट्यांत चाळीस नारळ सापडले. शेवटी ते खाली बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "बाळांनो, घरातलं काढा. जे दुखतं ते काढा." पोरं एकमेकांकडे पाहायला लागली. सातवीतल्या एका मुलीनं मात्र वाघ काढला. सरांनी विचारलं, हा कुठला?

"सेमाडोहच्या जंगलातला."

"तू पाहिलास?"

"नाई. सहल रद्द झाली."

सरांनी तो कागद बाजूला ठेवला. माझ्या मते त्या खोलीत तेवढं एकच दुःख कागदावर उतरलं होतं, पण त्यांना मोठ्या मापाचं हवं होतं. जाताना ते मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही या मुलांचे हात बांधून टाकलेत." मला त्यांचा भयंकर राग आला. खोटं बोलले असते तर इतका आला नसता.

जाण्याआधी त्यांनी शाळेच्या वहीत अभिप्राय लिहिला की शाळेच्या भिंती बोलक्या हव्यात. झालं. आमच्या मुख्याध्यापकांना तेवढं निमित्त पुरलं. हे गृहस्थ स्कूटरवरून उतरल्यावरही तासभर हेल्मेट काखेत धरून फिरायचे, म्हणजे आताच कुठून तरी आले आहेत आणि आताच कुठं तरी निघाले आहेत असं वाटावं. नळाच्या तोटीचं उद्घाटन केलं तरी तिच्यावर 'यांच्या हस्ते' अशी पाटी लावून घेणारा माणूस. वीस वर्षांत त्यांनी माझ्या एकाही चित्राकडे पाहिलं नव्हतं, आणि त्यांनी पाहावं असं मला वाटत नव्हतं. निदान मी तसं सगळ्यांना सांगायची. त्यांनी हुकूम काढला की जठारपेठेकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या भिंतीवर चित्रकलेच्या मॅडमनी सूर्यमाला काढावी.

त्याच सुमारास शास्त्रज्ञांनी प्लुटोला ग्रहांच्या पंगतीतून उठवलं होतं. मी आठ ग्रह आखले. संस्थेचे अध्यक्ष येऊन मोजून गेले आणि म्हणाले, "नवग्रह म्हंतेत ना? मंग आठ कसे?" मी सांगितलं की ज्योतिषातले नवग्रह वेगळे, त्यांत सूर्य-चंद्र आणि राहू-केतू धरून नऊ होतात, पण आपण उभे आहोत ती पृथ्वीच त्यांत नाही. ते म्हणाले, "मंग राहू टाका एखादा." शेवटी एका कोपऱ्यात धूमकेतू काढला आणि त्यांनी तो नववा म्हणून पदरात घेतला.

कड्यांचा प्रश्न विज्ञानाच्या बाईंनी उभा केला. मी गुरू, युरेनस आणि नेपच्यूनलाही फिकट कडी आखली होती. त्या म्हणाल्या, कडं फक्त शनीला असतं, पुस्तकात चित्र तसंच आहे. मी वाचनालयातून पुस्तक आणून त्यांना वाचून दाखवलं. एखादा चंद्र किंवा बर्फाचा मोठा गोळा आपल्या ग्रहाच्या फार जवळ गेला की त्याच्या जवळच्या बाजूला ओढ जास्त लागते, लांबच्या बाजूला कमी. भाकरीच्या उंड्याचं एक टोक कुणी खेचावं तसा तो ताणत जातो आणि तुटतो. ते तुकडे ग्रहाच्या इतके जवळ असतात की तीच ओढ त्यांना पुन्हा एकत्र येऊ देत नाही. मग प्रत्येक तुकडा आपापल्या वाटेनं फिरत राहतो, कुणी मिठाच्या कणाएवढा, कुणी घराएवढा. काही जण म्हणतात, ते चंद्र तुटून झालेले नाहीत, चंद्र व्हायचेच राहून गेलेले आहेत. मोठ्या चारही ग्रहांना अशी कडी आहेत. शनीचं बर्फाचं आणि भरगच्च, म्हणून ते तेवढं डोळ्यांत भरतं. आपल्यासारख्या लहान ग्रहांना का नाही, याला एकच एक उत्तर नाही. सूर्याजवळ बर्फ टिकत नाही हे एक, आणि तुटायला फारसे चंद्रच नाहीत हे दुसरं. शनीचं कडंही कायमचं नाही, त्याचे कण हळूहळू त्याच्यावरच पडत आहेत. लांबून अखंड रेघ दिसते, जवळ गेलं तर नुसते तुकडे.

बाईंनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "परीक्षेत शनीच विचारतात." मी बाकीची कडी पुसून टाकली.

ग्रहांचे गोल मी खिळा ठोकून, सुतळीला खडू बांधून काढले. त्यात लाज नव्हती. शनीचं कडंही आधी तसंच काढलं, दोन खिळे, त्यांभोवती दोऱ्याचा सैल फास आणि त्यात फिरता खडू. लांबट गोल अगदी शास्त्रशुद्ध आला. बरोबर होता आणि मेलेला होता. मी ओल्या फडक्यानं पुसला. हीच ती रेघ, असं मला वाटलं. शनीच्या डाव्या कडेपासून निघायचं, बाहेर वळायचं, खालून त्याच्या पोटावरून यायचं आणि उजवीकडून वळून पुन्हा त्याच्या पाठीमागे शिरायचं. दोन्ही टोकं ग्रहाला लागून, मधात कुठं थांबायचं कारण नाही.

रविवारी सकाळी शाळा बंद असताना गेले. शिपायानं शिडीचा घोडा धरला. पांढरा ऑइलपेंट टर्पेंटाइननं पातळ केला, रुंद सपाट ब्रश भरून घेतला, श्वास घेतला आणि हात खांद्यातून सोडला. तो निघाला. वीस वर्षं जे अडलं होतं ते सुटलं, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हात खालच्या वळणावर असताना मागे रस्त्यावर स्कूटर येऊन थांबली. मग उजवीकडचं वळण आलं आणि रेघ शनीमागे गेली.

"वा," मागून मुख्याध्यापक म्हणाले. "छापल्यासारखं आलं."

त्या दुपारी मी अमरावतीला फोन लावला. "चाचा, आली. एका दमात आली."

पलीकडे त्यांनी सुनेला हाक मारून ईद कधी आहे ते विचारलं. मग ते म्हणाले, "ईद होऊ दे. सुनेसंगं येतो."

ईदेला पाच-सहा आठवडे होते. ग्रहांखाली नावं लिहिली, कड्याच्या आतले पट्टे भरले, काम संपलं. आणि पुढच्या शनिवारी शनीवरून तेलाचा ओघळ आलेला दिसला. त्याच्या पुढच्या शनिवारी रुईच्या पानांची माळ, खाली काळे उडीद, एक लोखंडी खिळा. शेजारचा गुरू शनीपेक्षा मोठा होता, त्याच्याकडे कुणी थेंबभर फेकला नाही. मी शिपायाला विचारलं, हा काय तमाशा आहे?

"तुमीच तं नाव लिवलं, मॅडम. शनी म्हनून."

मी साबणानं भिंत घासली. शनिवारी पुन्हा तेल. बाजाराला आलेल्या बायका एसटीतून उतरून आधी आमच्या भिंतीकडे यायला लागल्या. पिकाचं सगळं उलटं चाललं होतं, त्यामुळे साडेसाती नाही असं घरच उरलं नव्हतं. एकीनं मला विचारलं, "बाई, याचं तोंड कोनत्या बाजूनं हाये?"

"ग्रहाला तोंड नसतं," मी म्हटलं.

"मंग तो आमाले पायते कसा?" तिनं विचारलं, आणि बाटलीत उरलेलं तेल केसांना लावून ती निघून गेली.

तिचं मी समजू शकत होते. पण एका शनिवारी सातच्या ठोक्याला विज्ञानाच्या बाई डोळे मिटून वाटी उपडी करताना सापडल्या. म्हणाल्या, "नुकसान तर काही नाही ना त्यात." मुख्याध्यापकांनी स्कूटर लावायची जागा बदलली, म्हणजे शनीची दृष्टी तिच्यावर पडू नये. मग मला बोलावून म्हणाले, "मॅडम, लोकांची भावना आहे. दोन डोळे काढून टाका त्याला, जरा रस्त्याकडे वळलेले." मी म्हटलं, माझा हात कापला तरी काढणार नाही. त्या दिवशी घरी येऊन मी नवऱ्याला तासभर ऐकवलं की या गावात एकही माणूस असा नाही ज्याला रेघ कशाला म्हणतात ते कळतं. एकाच माणसाला कळतं आणि तो ईदेनंतर येणार आहे.

ते आले तो नेमका शनिवार होता. सुनेची सुट्टी शनिवारीच होती. शाळा सुटलेली, भिंतीवर ताजं तेल, रस्त्याची धूळ त्यावर बसून काळी झालेली. मला शरमेनं मेल्यासारखं झालं. चाचा खूप वाळले होते. मान जराशी वाकडी करून, नळीतून पाहावं तसं ते पाहत. भिंतीपासून लांब उभे राहिले तर त्यांना काही उमगेना, म्हणून अगदी नाकाला भिंत लागेल इतके जवळ गेले. एका वेळी रुपयाएवढी भिंत दिसत होती त्यांना. म्हणून त्यांनी बोट ठेवलं, शनीच्या डाव्या कडेला, जिथून मी निघाले होते.

"तेल काहून हाये?"

मी सांगितलं. ते हसले. "आमच्या पाट्यांवर कोनं पानी नाई टाकलं. तुया लकीरले तेल भेटून राहिलं, नशीब पाय."

बोट सरकत गेलं. बाहेरचं वळण आलं, बोट सहज वळलं. "खांद्यातून हाये," ते स्वतःशीच म्हणाले. त्यांची सून माझ्याकडे पाहून हसली. बोट खालच्या वळणावर आलं आणि थांबलं. मागे गेलं, पुन्हा आलं, पुन्हा तिथंच थांबलं. रंगावर रंग चढून तिथं नखाएवढी कड उठली होती. नव्या भिंतीवर पांढऱ्यात पांढरं कुणाला दिसलं नसतं. पण सहा शनिवारांचं तेल त्या कडेला अडलं होतं आणि धुळीनं ती काळी करून ठेवली होती. मी रोज त्या भिंतीसमोरून जायची. मला ती दिसत होती.

"इथं कोन आलं होतं?" चाचांनी विचारलं.

खोटं बोलायला वेळ मिळाला नाही. "मुख्याध्यापक," मी म्हटलं. "स्कूटर थांबली मागं. मी वळून पाहिलं."

"काहून?"

मुख्याध्यापक पाहताहेत का, हे बघायला मी वळले होते. ते पाहत होते, आणि मला आनंद झाला होता, आणि मग मी ब्रश पुन्हा टेकवला होता.

चाचांनी खिशातून रुमाल काढला, बोटाचं तेल सावकाश पुसलं आणि घडी करून रुमाल परत ठेवला. रागावले नव्हते.

"मंग ही त्याच्यासाठी काढली तू," ते म्हणाले. "मले कशाले बोलावलं?"

सून त्यांचा हात धरून त्यांना बसस्टँडकडे घेऊन गेली. घरी चला, जेवून जा, हे म्हणायचं माझ्या तोंडात होतं ते तिथंच राहिलं.